जुन्या संगणकाचें मोल



इतिहास म्हटला कीं राजे, लढाया आणि तह यांचीच आपणांस आठवण होते; फार तर ताम्रपट आणि शिलालेख. अंबरनाथच्या शिवालयाचा शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा, हें शाळेंतील मुलालाहि सांगतां येतें. परंतु त्याच अंबरनाथांत एखाद्या घराच्या माळ्यावर जुन्या चादरींत गुंडाळून ठेवलेला संगणक केव्हांचा, कोणीं बनविलेला, आणि आज त्याचें मोल काय, असें विचारलें तर घरचा कर्ता पुरुषहि निरुत्तर होतो. आज मी याच प्रश्नाकडे आपलें लक्ष वेधणार आहें. वरवर पाहतां हा प्रश्न बाजाराचा दिसतो. पण तो इतिहासाचाहि आहे. कारण ज्या वस्तूची पारख होत नाहीं ती वस्तु टिकत नाहीं, आणि वस्तु नाहींशी झाली म्हणजे तिच्या काळाची साक्षहि तिच्याबरोबर जाते.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शेजारी गांवांपासून आरंभ करण्यास सबळ कारण आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत कल्याणजवळ सैन्याची मोठी छावणी होती. युद्ध संपलें, सैनिक गेले, बराकी रिकाम्या पडल्या. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्याच बराकींत आसरा मिळाला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनीं या वस्तीला उल्हासनगर हें नांव दिलें. अजूनहि तेथील भाग एक नंबरच्या कॅम्पापासून पांच नंबरच्या कॅम्पापर्यंत आंकड्यांनींच ओळखले जातात. म्हणजे हें शहर मुळींच दुसऱ्यानें सोडून दिलेल्या वस्तूवर उभें राहिलें. युद्धानंतर लष्करी सामान 'डिस्पोझलचा माल' म्हणून देशभर बाजारांत आलें, आणि टाकाऊंतून टिकाऊ निवडणें हा एक स्वतंत्र धंदा होऊन बसला. ज्याच्यापाशीं भांडवल थोडें, त्याच्या डोळ्यांतील पारख हेंच त्याचें भांडवल.

शेजारचें अंबरनाथ हें कारखान्यांचें गांव. तेथें काड्यापेट्यांचा विमकोचा कारखाना होता, सरकारी ऑर्डनन्स फॅक्टरी आली, पुढें औद्योगिक वसाहत वसली. आणि बदलापूर हें प्राधान्यानें चाकरमान्यांचें गांव. सकाळच्या लोकलनें मुंबईस जावें, रात्रीं परत यावें, आणि मुलाच्या शिक्षणासाठीं पोटाला चिमटा घेऊन एखादें यंत्र घरीं आणावें, अशा कुटुंबांचें. व्यापारी, कारखानदार आणि गृहस्थ असे हे तीन प्रकारचे लोक येथें एका लोकलच्या मार्गावर भेटतात. आणि जुन्या संगणकाचें मोल करण्याचे तराजूहि तीनच आहेत. पण ते तराजू हातीं घेण्यापूर्वीं हें यंत्र आपल्याकडे कसें आलें तें पाहिलें पाहिजे.

आपल्या देशांत बांधलेला पहिला मोठा विद्युत्-संगणक मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं कामास लागला. १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं त्याचें 'टिफ्रॅक' असें नामकरण केलें. त्या काळचे संगणक खोली व्यापून बसत. घरांत किंवा मेजावर ठेवण्याची ती वस्तु नव्हती. मेजावरचें युग उजाडलें तें सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस. परकीय चलनाच्या कायद्यावरून मतभेद होऊन आयबीएम ही अमेरिकन कंपनी १९७८ सालीं भारतांतून निघून गेली. त्याच वर्षीं, दोनच वर्षांपूर्वीं स्थापन झालेल्या एचसीएल या देशी कंपनीनें आपला लहान संगणक बाजारांत आणला. १९८० सालीं मुंबईंत झेनिथ निघाली. तिकडे अमेरिकेंत १२ ऑगस्ट १९८१ रोजीं आयबीएमचा 'पीसी' आला. त्याच्या अगदीं साध्या रूपाची किंमत १,५६५ डॉलर होती, आणि तींत पडदाहि धरलेला नव्हता. नोव्हेंबर १९८४ मध्यें आपल्या सरकारनें नवें संगणक-धोरण जाहीर करून सुट्या भागांची आयात सोपी केली, आणि त्या 'पीसी'च्या धर्तीवर बनविलेलीं यंत्रें आपल्याकडे जागोजागीं जोडलीं जाऊं लागलीं. तरीहि त्या यंत्राची किंमत एका शिक्षकाच्या वर्षभराच्या पगारांत बसणारी नव्हती.

शाळांचा उल्लेख माझ्यासारख्या मास्तरानें गाळूं नये. १९८४-८५ सालीं केंद्र सरकारनें 'क्लास' नांवाची योजना काढली आणि सुमारें २५० शाळांत 'बीबीसी मायक्रो' हा इंग्रजी बनावटीचा संगणक दिला. त्याची स्मरणशक्ति अवघी ३२ किलोबाइट. आजच्या एका साध्या छायाचित्रालाहि ती पुरणार नाहीं. पुढें सरकारी सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्सनें हेंच यंत्र 'युनिकॉर्न' या नांवानें देशांत तयार केलें. एका पिढीच्या बोटांना कळफलकाची पहिली ओळख अशा यंत्रांवर झाली.

नंतर किंमत घसरूं लागली ती थांबलीच नाहीं. १९९१ नंतर आयातीचे निर्बंध सैल झाले. १५ ऑगस्ट १९९५ पासून विदेश संचार निगमानें सर्वसाधारण नागरिकांस इंटरनेट उपलब्ध करून दिलें. १९९७ सालीं माहिती-तंत्रज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय करारांत भारत सामील झाला आणि आयात-कर क्रमाक्रमानें उतरला. दरवर्षीं नवें यंत्र अधिक वेगवान आणि अधिक स्वस्त. म्हणून दरवर्षीं जुनें यंत्र अधिक निरुपयोगी. प्राप्तिकराच्या नियमांत आज संगणकावर वार्षिक ४० टक्के घसारा धरतात. त्या हिशेबानें ५०,००० रुपयांचें यंत्र पांच वर्षांनीं वहीमध्यें ३,८८८ रुपयांचें उरतें. कचेऱ्यांनीं हा वहींतला आंकडा खरा मानला आणि यंत्रें किलोवर काढलीं. पण वही फक्त उतरती शिडी जाणते. वस्तु पुरेशी जुनी आणि पुरेशी विरळ झाली म्हणजे तिची किंमत पुन्हा चढूं लागते, ही गोष्ट घसाऱ्याच्या कोष्टकांत कोठेंच लिहिलेली नसते.

आतां तीन तराजूंकडे वळूं. पहिला तराजू भंगारवाल्याचा. तो वजन पाहतो. लोखंडी पेटी, ॲल्युमिनियमची चकती, तांब्याची तार, आणि हिरव्या पट्टीवरील सोन्याचा पातळ मुलामा. १९९५ सालच्या 'पेंटियम प्रो'सारख्या चिपांत सोन्याचें प्रमाण अधिक, म्हणून त्या वेगळ्या काढून विकल्या जातात. जुन्या पडद्याच्या जाड कांचेंत शिसें असतें. तिला कोणी घेत नाहीं, आणि ती नाल्याकांठीं पडते. हा तराजू सर्वांत जलद, आणि म्हणूनच सर्वांत घातक. कारण सोनें काढण्यासाठीं अम्लांत हात घालणारा आणि तांब्यासाठीं तारा जाळणारा मनुष्य आपलें आयुष्यच त्या तराजूंत टाकीत असतो. १ एप्रिल २०२३ पासून अंमलांत आलेल्या ई-कचऱ्याच्या नियमांप्रमाणें असा माल नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच गेला पाहिजे.

दुसरा तराजू कारागिराचा. तो गरज पाहतो. एखादें कातकाम करणारें यंत्र १९९३ सालीं घेतलेलें असतें. त्याचें लोखंड तीस वर्षांनंतरहि ठणठणीत असतें, पण त्याला हुकूम देणारा संगणक मरतो. त्या यंत्राचें नियंत्रण करणारें कार्ड 'आयसा' नांवाच्या जुन्या खांचेंतच बसतें. आणि ती खांच सन २००० च्या सुमारास नव्या मदरबोर्डांवरून नाहींशी झाली. अशा कारखानदारास लखलखीत नवा संगणक फुकट दिला तरी उपयोग नाहीं. त्याला धूळ खाणारा जुनाच हवा असतो. येथें किंमत संगणकाच्या वयावर ठरत नाहीं. यंत्र बंद राहिल्यानें रोज किती नुकसान होतें, त्यावर ठरते. औद्योगिक वसाहतीशेजारीं राहणाऱ्या दुकानदारानें ही गोष्ट तर मुळींच विसरूं नये.

तिसरा तराजू संग्राहकाचा. तो स्मृति पाहतो. १९७६ सालीं स्टीव्ह वॉझ्नियाक यांनीं रचलेला 'ॲपल-१' हा संगणक ६६६ डॉलर ६६ सेंटला विकला जाई. सुमारें दोनशेच नग तयार झाले. त्यांपैकीं एक, २०१४ सालीं न्यूयॉर्कच्या लिलांवांत, हेन्री फोर्ड संग्रहालयानें ९ लाख ५ हजार डॉलरांस घेतला. ही बातमी वाचून पुष्कळांना वाटतें कीं आपल्या माळ्यावरहि लक्ष्मी झोंपली आहे. पण १९८२ चा 'कमोडोर ६४' पहा. तोहि जुना, तोहि नामांकित. परंतु एक कोटीहून अधिक नग विकले गेल्यामुळें त्याला तसला भाव येत नाहीं. तात्पर्य, केवळ वय म्हणजे मोल नव्हे. किती निघाले, किती उरले आणि किती जणांना हवे आहेत, या तीन आंकड्यांचें तें गणित आहे.

मग पारख करावी कशी? सोनार कसोटीवर ओढल्याशिवाय भाव सांगत नाहीं. तसाच येथेंहि क्रम आहे. प्रथम यंत्राच्या पाठीवरील पट्टी वाचावी. बनविणाऱ्याचें नांव, नमुना आणि अनुक्रमांक टिपून घ्यावा. नंतर झांकण काढून चिपांवरील आंकडे पहावे. पुष्कळ चिपांवर चार आंकड्यांचा एक गट असतो. ८४३२ असें असेल तर ती चिप १९८४ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यांत तयार झाली. सर्वांत अलीकडच्या चिपेपूर्वीं तें यंत्र आजच्या रूपांत असणें शक्य नाहीं. आणि एखादीच चिप इतरांहून पांच वर्षांनीं नवी असेल तर मध्यंतरीं दुरुस्ती झाली असें समजावें. दस्तऐवजांत पुढच्या काळचा शब्द सांपडला म्हणजे इतिहासकार जो तर्क करतो, तोच हा तर्क होय.

त्यानंतर प्रकृति पहावी. मदरबोर्डावर पिंपाच्या आकाराची छोटी बॅटरी असते. ती पाझरली म्हणजे भोंवतालच्या तांब्यावर हिरवट बुरशीसारखा थर चढतो आणि रेषा खाऊन टाकतो. बोर्ड वांचवावयाचा असेल तर ही बॅटरी प्रथम काढून घ्यावी. आपल्या कोंकणपट्टींतील दमट हवेंत खिळे आणि पत्रा गंजतो, त्याकडे लक्ष असावें. आणि आपल्या भागांत आणखी एक गोष्ट अवश्य तपासावी. २६ जुलै २००५ रोजीं उल्हास नदीचें पाणी बदलापुरांत घरांघरांत शिरलें. २०१९ च्या जुलैमध्यें पुन्हां असा पूर आला कीं बदलापूरजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यांत अडकून पडली. पुरांत बुडालेलें यंत्र बाहेरून पुसलें तरी वीज-पेटीच्या स्क्रूंखालीं आणि खांचांच्या तळाशीं बारीक गाळ राहतो. तो गाळ खोटें बोलत नाहीं.

आणखी एक इशारा. माळ्यावरून काढलेलें यंत्र लगेच विजेला जोडूं नये. अमेरिकेहून कोणीं आणलेलें असेल तर तें ११० व्होल्टचें असण्याचा संभव आहे. पाठीमागें तांबडा खटका असल्यास तो २३० वर आहे कीं नाहीं तें पहावें, नाहींतर क्षणांत धूर निघेल. बीबीसी मायक्रोच्या वीज-पेटींतील जुने कपॅसिटर तर नुसत्या वयानेंच फुटतात. जुन्या पद्धतीचा नळीचा पडदा स्वतः उघडूं नये. वीज काढल्यावरहि त्यांत प्राणघातक दाबाची विद्युत् राहूं शकते. प्लास्टिक पिंवळें पडलें असेल तर तें पांढरें करण्याच्या भरीस पडूं नये. तो रंग आग रोखण्यासाठीं घातलेल्या ब्रोमीनच्या संयुगांमुळें बदलतो असें समजतात. हायड्रोजन पेरॉक्साइडनें तो उजळतो, पण पुढें पुन्हां परततो. जाणत्या गिऱ्हाइकाला प्रामाणिक पिंवळेपणाच अधिक रुचतो. आणि मूळचें खोकें, पुस्तिका, फ्लॉपी, खरेदीचें बिल यांतील जें असेल तें यंत्राबरोबर ठेवावें. बिलाचा पिंवळा कागद म्हणजे त्या यंत्राची जन्मपत्रिका.

आतां प्रत्यक्ष भाव. येथें फसगत होते ती दोन्ही बाजूंनीं. विकणारा मनुष्य कोणीतरी मागितलेली किंमत पाहतो. पहावयाची असते ती प्रत्यक्ष मिळालेली किंमत. मागण्यास कर लागत नाहीं. समजा, तसलेंच चालू स्थितींतील यंत्र १५,००० रुपयांस खरोखर विकलें गेलें आहे. आपलें यंत्र बंद आहे. दुरुस्तीस ३,००० आणि बांधणी व वाहतुकीस २,००० धरले तर हातीं १०,००० उरतात. परंतु चार यंत्रांपैकीं एक दुरुस्त होत नाहीं असें मानूं. त्या वेळीं दुरुस्तीचे ३,००० पाण्यांत जातात आणि सुट्या भागांचे २,००० येतात, म्हणजे १,००० तोटा. तेव्हां सरासरीनें यंत्राचें मोल झालें ७,२५० रुपये. व्यापाऱ्यानें आपला नफा आणि दुकानभाडें यांसाठीं २,२५० ठेवले, तर घरमालकाला ५,००० देणें हा सचोटीचा व्यवहार होय. ३० रुपये किलोनें दहा किलोंचे ३०० देणारा त्याला लुबाडतो. आणि पूर्ण १५,००० मागणारा घरमालक व्यापाऱ्याचें श्रम आणि जोखीम विसरतो. हे आंकडे केवळ उदाहरणाचे आहेत. रीत मात्र कोणत्याहि यंत्राला लागू पडते.

परंतु या रीतीला एक छिद्र आहे, आणि आजच्या भाषणाचें मर्म तेंच आहे. तसलेंच यंत्र पूर्वीं कोठेंतरी विकलें गेल्याची नोंद असेल तरच हें गणित मांडतां येतें. ॲपल, आयबीएम, कमोडोर यांची नोंद परदेशांत भरपूर आहे. आपल्या एचसीएलची, झेनिथची, 'युनिकॉर्न'ची नोंद सहसा सांपडत नाहीं. नोंद नाहीं म्हणून भाव नाहीं. भाव नाहीं म्हणून यंत्र किलोवर जातें. आणि यंत्रच गेलें म्हणजे पुढें नोंद होणार कशाची? परदेशी यंत्र त्याच्या कीर्तीमुळें वांचतें आणि स्वदेशी यंत्र अनोळखीपणामुळें मरतें. भाव माहीत नसणें आणि मोल नसणें या दोन अगदीं निराळ्या गोष्टी आहेत. पण बाजार पहिलीला दुसरी समजतो.

याचें एकच उदाहरण देतों, आणि तें मराठीच्या जिव्हाळ्याचें आहे. 'पीसी'चा पडदा जन्मतः इंग्रजी. त्यावर देवनागरी उमटविण्याचे प्रयत्न कानपूरच्या आयआयटीमध्यें झाले आणि तें काम पुढें पुण्याच्या सी-डॅकनें वाढविलें. त्यांतून 'जिस्ट' नांवाचें कार्ड निघालें. तें संगणकाच्या खांचेंत बसवलें कीं त्याच पडद्यावर मराठी अक्षरें दिसूं लागत. भारतीय लिप्यांसाठीं ठरविलेल्या 'इस्की' या संकेताला १९९१ सालीं राष्ट्रीय मानकाचें रूप मिळालें. आज आपण युनिकोडमध्यें सहज मराठी लिहितों. त्यामागें ही एक पायरी आहे. आतां कल्पना करा: एखाद्या छापखान्यानें टाकलेली लोखंडी पेटी भंगाराच्या दुकानीं आली आहे आणि तिच्यांत तें कार्ड बसलेलें आहे. पहिल्या तराजूंत त्याचें मोल चिमूटभर तांब्याचें. दुसऱ्यांत शून्य. तिसऱ्या तराजूंतहि परदेशी संग्राहकाला तें अपरिचित. आणि तरी ज्या दिवशीं यंत्रानें मराठी बोलण्यास आरंभ केला, त्या दिवसाचा तो साक्षीदार आहे. त्या पेटींतील चकतीवर कोणाची हस्तलिखितें, कोणा संस्थेचे अहवाल जुन्या संकेतांत पडून असतील. तीं वाचणारें यंत्र मोडलें कीं मजकूर असूनहि मुका होतो. मोडी लिपी वाचणारे कमी झाले तेव्हां आपल्या दप्तरांची जी गत झाली, तीच गत येथें एका पिढीच्या आंत होते आहे.

म्हणून माझें सांगणें थोडें आहे. माळा आवरतांना जुना संगणक हातीं आला, तर भंगारवाल्याला हांक मारण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे. हा कोणीं व केव्हां बनविला? याची अजून कोणास गरज आहे काय? आणि याच्यासारखे दुसरे किती उरले असतील? पाठीवरील पट्टीचें व आंतील बोर्डाचें छायाचित्र घ्यावें. विकला गेल्यास मिळालेली किंमत आणि तारीख त्यावर लिहून ठेवावी. चकतीवरील घरचा मजकूर आधीं उतरून घ्यावा, आणि खासगी कागदपत्रें परक्याच्या हातीं पडणार नाहींत अशी तजवीज करावी. दुकानदारांनींहि, ज्या देशी यंत्राचा भाव ठाऊक नाहीं तें तोडण्यापूर्वीं चार दिवस बाजूस ठेवावें आणि एखाद्या जाणकारास दाखवावें. चार दिवसांच्या जागाभाड्यापलीकडे त्यांत नुकसान नाहीं. जें खरोखरच मेलें असेल, तें मात्र निःशंक मनानें नोंदणीकृत पुनर्चक्रणाकडे द्यावें. सर्वच जपून ठेवणें हा इतिहास नव्हे, ती अडगळ.

बराकीला घर करणाऱ्या माणसांच्या शहरांत टाकलेल्या वस्तूचें मोल कसें करावें हें नव्यानें शिकविण्याची गरज नसावी. पारखी डोळा येथें आहेच. त्यानें किलोच्या कांट्यावरून थोडा वेळ नजर हलवून त्या पाठीवरच्या पट्टीकडे पहावें, एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतों.